कान दिसले पाहिजेत

दुपारी गिऱ्हाईक नसलं की हितेंद्रला नसते उद्योग सुचायचे. धरणगावात घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं आधार-पेन्शनचे फॉर्म भरून द्यायचं छोटं सेवा केंद्र. आज त्यानं कांद्याचं चित्र असलेला, डार्क वेबवर नेणारा ब्राउझर उघडला. म्हणे, यात शिरलेला माणूस कोणालाच दिसत नाही. मग काय, बघायला काय जातंय!

आत भलताच बाजार भरला होता. बंदुका, गोळ्या, चोरलेली बँककार्डं. जत्रेत फिरावं तसा तो एकेक दुकान बघत पुढं सरकला. एका दुकानात चक्क माणसंच विकायला होती. फोटो, आधार, अंगठ्याचा ठसा, सगळं एकत्र. नमुन्याला काही चेहरे लावले होते.

त्यातला एक त्याच्या आईचा होता.

बेबाबाईच ती. मागं त्यानंच खिळ्यांवर ताणलेली पांढरी चादर, कोपऱ्यात शाईचा निळा डाग. आणि आईचं डोकं उघडं. जन्मात कोणापुढं तिनं पदर ढळू दिला नव्हता. फोटोच्या वेळीही काही केल्या ऐकेना. "माय, कान दिसले पाहिजेत," त्यानं समजावलं होतं. "अठे मीच शे ना!" तेव्हा कुठं, समोर आपलाच पोरगा म्हणून, तिनं लाजत पदर खांद्यावर घेतला होता.

बाकीचे चेहरेही त्याच चादरीपुढचे. म्हाताऱ्या माणसांना पुन्हा हेलपाटा नको, म्हणून सगळ्यांचे फोटो आणि ठसे तो याच कॉम्प्युटरवर जपून ठेवायचा. आणि फोटो लहान करायचं ते फुकटातलं सॉफ्टवेअर? तेही त्यानंच टाकलेलं, चोर त्यातूनच शिरला असणार. मेलो! आता कुणाकुणाला सांगू, अन् काय तोंडानं सांगू? त्यानं कॉम्प्युटरची वायरच उपटली. इथला पडदा काळा झाला, पण तो बाजार थोडाच उठणार होता.

"हितेंद्रभाऊ, शे का घरमा?"

पेन्शनच्या फोटोसाठी गुंताबाई आली होती. चादरीपुढच्या स्टुलावर ती सवयीनं बसली. कोणी सांगायची वाट न बघता तिनं पदर खाली घेतला, पांढरे केस कानामागं सारले.

"काढ भाऊ. तूच शे, तुनासमोर कसानी लाज?"

हितेंद्रनं कॅमेऱ्याच्या भिंगावर हात ठेवला.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "पदर ल्या डोकावर."