पूर्वजाची हाक

“आलेख पुरे झाले, आता आवाज ऐकवा,” परीक्षक सुखटणकर मॅडम म्हणाल्या.

रेवतीने लॅपटॉपची कळ दाबली. माकडांचा आणि माणसांचा जो एकच पूर्वज होता, त्याची धोक्याची हाक तिने संगणकावर पुन्हा घडवली होती. आजच्या माकडांच्या आवाजांवरून मागे मागे हिशेब करत ती वर्षानुवर्षं खपली होती, आणि तिची पीएचडी त्यावरच ठरणार होती.

हाक खोलीभर घुमली. रेवती भानावर आली तेव्हा ती टेबलाखाली होती. शेजारी तिचे मार्गदर्शक घोरपडे सर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते.

“कशाला भीत होता गं तो पूर्वज एवढा?” सरांनी कुजबुजत विचारलं.

“ते नाही सांगता येत, सर. हाक तेवढी सापडली.”

“बरं, आता बंद कर ती.”

“सर, लॅपटॉप केव्हाच बंद झालाय.”

दोघांनी हळूच वाकून पाहिलं. सुखटणकर मॅडम भिंतीला चिकटून उकिडव्या बसल्या होत्या. त्यांची नजर खिडकीबाहेर आभाळात कशावर तरी खिळली होती, आणि हाक त्यांच्याच गळ्यातून येत होती.