चिठ्ठीतला प्रश्न

"प... प..." मंचावर तरुण संशोधक मृण्मयी ताकवलेचा शब्द अडला आणि भिंतीवरचं घड्याळही थांबलं. बोलणाऱ्याच्या गळ्यातली धडपड ओळखणारं ते नवं घड्याळ असले क्षण वेळेत धरतच नसे.

"परागकण," ती म्हणाली आणि काटा पुढे सरकला. गेल्या परिषदेत घंटा वाजवून तिला अर्ध्यावरच खाली बसवलं होतं. आज मात्र तिनं सगळं सांगितलं, अगदी शेवटच्या निष्कर्षापर्यंत.

मागच्या रांगेत डॉ. शिवदे थक्क होऊन ऐकत होते. एकतीस वर्षं ते परिषदांना येत होते आणि प्रत्येक प्रश्न चिठ्ठीवर लिहून पुढे धाडत होते. लोक त्यांना शिष्ट समजत. तेही समजू देत.

शेजारच्या ओतारीबाईंनी सवयीनं हात पुढे केला. "द्या सर, पोचवते."

शिवदेंनी चिठ्ठी खिशात घातली आणि ते उभे राहिले.

"म... म... म..."

घड्याळ थांबलं. सभागृहात कुणी चुळबूळ केली नाही.

मंचावरून मृण्मयी हसली. "स... सावकाश, सर. वेळ आहे."