बाबांचं नाव

मुलुंडच्या त्या इस्पितळात १९८६ साली प्रथमच प्रत्येक कर्मचाऱ्याला हवी ती एक सवलत निवडता येणार होती. अर्जाचा नमुना ऑफिसातल्या उत्तराने केला होता.

आया सुगंधा तिच्या टेबलाशी आली. "बाई, पाळणाघर नको, मुलांची फी नको. माझ्या बापाला औषधपाणी मिळंल? लग्न झालेल्या पोरीचे आईबाप धरत नाहीत ना?"

"आता धरतात. सांग नाव."

"साहेबांशी भांडलात वाटतं!"

उत्तराने हसत नाव लिहून घेतलं.

सुगंधा गेल्यावर तिने स्वतःचा अर्ज पुढे ओढला. गेल्या वर्षी बाबांसाठी केलेला तिचा अर्ज नियमात बसला नव्हता. नकाराचं पत्र तिनेच टाइप केलं होतं. तिने बाबांचं नाव लिहिलं. 'वय' या रकान्यापाशी हात थांबला.

बाबा दिवाळीत गेले होते.