ब्रेकवरचा पाय

इंजिन बंद पडलं तेव्हा चुनखडीनं भरलेला डंपर उताराच्या मधोमध होता.

धडधड एकदम थांबली. खुशालला वाटलं, आपल्या कानांत दडे बसले. मग चाकांखाली खडी चुरडताना ऐकू आली. डंपर थांबला नव्हता. तो वेग घेत होता.

गडचांदूरजवळच्या त्या खाणीत दगड टेकडीवरून खाली क्रशरकडे जायचा. खालच्या वळणावर बाया रस्त्यात सांडलेले दगड टोपल्यांत भरत होत्या. त्यांची पाठ इकडे होती. डंपर दुरून वाजायचा आणि त्या बाजूला व्हायच्या, हे रोजचंच होतं. आज काही वाजत नव्हतं. त्या बायांत खुशालची बायको कमला होती. तिचं हिरवं लुगडं त्याला वरून दिसत होतं.

खुशालनं ब्रेक दाबला.

शहाऐंशी साली हे मोठे डंपर खाणीवर नवेच आले होते. फोरमन गुणवंतरावांनी सगळ्या ड्रायव्हरांना केबिनमागच्या दोन पोलादी बाटल्या दाखवल्या होत्या. इंजिन चालू असताना पंप त्यांत तेल कोंबतो. एका बाटलीत नायट्रोजन भरलेली रबरी पिशवी असते. तेल तिला दाबून धरतं. पंप थांबला, की पिशवी फुगते आणि तेच तेल ब्रेककडे ढकलते. दुसऱ्या बाटलीत पिशवीऐवजी दट्ट्या, ती स्टिअरिंगसाठी. "इंजिन मेलं तरी बाटलीत पाच-सहा दाबांपुरता जीव राह्यते," असं ते म्हणाले होते.

खुशालला यातलं काहीच आठवलं नाही.

"पंप मार!" शेजारी बसलेला लच्छू ओरडला. त्यानं अर्धं आयुष्य ट्रक चालवले होते. ब्रेक कमी लागला, की पेडल पुन्हा पुन्हा मारायचं, असंच करून तो कितीदा घाटातून जिवंत उतरला होता. "सोड अन् दाब! सोड अन् दाब!"

खुशालला पाय उचलायचा होता. पाय उचलेना. गुडघ्याखाली लाकूड झालं होतं. हॉर्नसुद्धा त्याला सापडेना. समोरच्या दाबाच्या घड्याळातला काटा लाल पट्ट्यात उतरला. लच्छूनं त्याच्या मांडीवर बुक्का मारला. "पाय उचल! मारशीन तिले!"

चाकं किंचाळली. जळक्या ब्रेकचा वास केबिनमध्ये भरला. बायांनी मागं पाहिलं, टोपल्या टाकल्या आणि वाट फुटेल तिकडं पळाल्या. कमला तेवढी जागची हलली नाही. डोक्यावर भरली टोपली घेऊन ती नुसती बघत राहिली.

डंपर थांबला. त्याची सावली तिच्या टोपलीवर पडली होती.

माणसं धावली. त्यांनी चाकांखाली मोठाले दगड लावले. गुणवंतराव धापा टाकत केबिनवर चढले.

"मी बोंबलून राह्यलो, पंप मार म्हणून," लच्छू म्हणाला. "यानं पायच उचलला नाई! असा भेदरट माणूस मशीनवर काऊन बसवता, भाऊ?"

खुशालनं मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात?

"आता सोड, बाबू," गुणवंतराव म्हणाले.

"निघत नाई, भाऊ."

गुणवंतरावांनी वाकून त्याचा घोटा दोन्ही हातांनी धरला आणि पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला. मग पेडल स्वतः दाबून पाहिलं. ते चिखलात रुतावं तसं तळाला गेलं. काटा शून्यावर पडून होता. ते मागं गेले आणि ब्रेकच्या बाटलीच्या टोकाची वायूची झडप दाबली. जेमतेम फुस्स झालं. पिशवी कधीपासून गळत होती कोण जाणे.

ते केबिनपाशी परत आले.

"लच्छू, बाटलीत एकाच दाबापुरतं तेल होतं," ते म्हणाले. "यानं पाय उचलला असता, तं ते टाकीत निघून गेलं असतं अन् दुसऱ्यांदा दाबाले काईच उरलं नसतं."