गोष्टीचा उरलेला भाग

टीव्हीवरच्या चित्रातला माणूस डबा घेऊन घराबाहेर पडला, बायको दारात उभी राहिली आणि गोष्ट तिथेच थांबली. पडद्यावर चौकोनी कोड आला. बाईचा आवाज म्हणाला, "तो रोज कुठे जातो? पुढचं तुमच्या मोबाईलवर."

दीपकने पुनमकडे पाहिलं. ती मेथी निवडत होती. तिचा फोन पलीकडे चार्जिंगला लावलेला होता. दीपकने आपल्या फोनवर कोड घेतला आणि आवाज बंद केला.

फोनवर तोच माणूस एका स्टेशनच्या बाकावर बसला होता. घड्याळात सव्वाअकरा वाजले होते. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि डबा उघडला.

दीपकने फोन पालथा ठेवला.

पाइपच्या कारखान्यातलं त्याचं काम सुटून अडीच महिने झाले होते. त्याच संध्याकाळी तो पुनमला सांगणार होता, पण घरी तिचा भाऊ आलेला. दुसऱ्या दिवशी तिला ताप होता. मग रोजचा दिवस कालच्यापेक्षा अवघड होत गेला. सकाळी साडेआठला डबा घेऊन निघायचं, जळगावहून धरणगावची बस पकडायची आणि तिथल्या स्टेशनवर दिवस काढायचा, असं चाललं होतं. तिथे त्याला ओळखणारं कोणी नव्हतं. रिकामं बसून भूक मात्र लवकर लागायची, सव्वाअकरालाच डबा उघडला जायचा. शेजारच्या बाकावर बसणारे तोताराम आबा एकदा म्हणाले होते, "भाऊ, गाड्या बठ्ठ्या चालन्या गयात. तू कोनी वाट देखी ऱ्हायना?"

सगळ्या गाड्या गेल्या, मग वाट कोणाची, हे ऐकून दीपक पाण्याची बाटली भरायला उठला होता.

टीव्हीवरची ही गोष्ट म्हणजे सुभाषचंद शेठजींच्या कापड दुकानाची जाहिरात होती. तिच्यात ना साडी दिसायची, ना भाव. नुसती चित्रांची गोष्ट, आणि शेवटी दुकानाचं नाव. दर सोमवारी नवा भाग. अर्धा टीव्हीवर, अर्धा फोनवर. पण यांना स्टेशन कसं कळलं? डबा उघडायची वेळ कशी कळली?

कारखान्यातला जुना सोबती स्वप्नील आता मोबाईल दुरुस्त करायचा. दीपकने आडून आडून त्याला विचारलं. स्वप्नील म्हणाला की फोनला सगळं कळतं, माणूस कुठे जातो तेही. म्हणून तर ज्याला त्याला त्याच्या त्याच्या जाहिराती दिसतात. मग तीच गोष्ट सगळ्यांच्या टीव्हीवर कशी दिसते, असं दीपकने विचारल्यावर मात्र तोही बुचकळ्यात पडला.

दुसऱ्या दिवसापासून दीपक फोन बंद करून कपाटात, कपड्यांच्या खाली ठेवून जाऊ लागला.

पुढच्या सोमवारी टीव्हीवरच्या माणसाने फोन कपाटात कपड्यांच्या खाली सरकवला आणि तो घराबाहेर पडला.

दीपकच्या हातातला घास हातातच राहिला. फोन बंद होता. मग पाहत कोण होतं?

एकच दिलासा होता. पुनम फक्त टीव्हीवरचा भाग पाहायची. कोड आला की उठून स्वयंपाकघरात जायची. फोनवर तिने पुढचं कधी उघडलं नाही. म्हणजे तिच्यापाशी अर्धीच गोष्ट होती, स्टेशन तिला माहीत नव्हतं. न राहवून त्याने एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं, "पुढचं बघावंसं वाटत नाही तुला?"

"तो कुठे जातो, त्याचं काय एवढं?" पुनम म्हणाली. "बायकोला का सांगत नाही, ते मला कळत नाही."

ती हे गोष्टीबद्दलच बोलत होती ना, याचा दीपकला अंदाज येईना. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

त्यानंतरच्या सोमवारी गोष्ट टीव्हीवरही पुरी झाली नाही आणि फोनवरही. शेवटचा भाग रविवारी, फक्त दुकानातल्या मोठ्या पडद्यावर, असं सांगण्यात आलं. शेजारची ऋतिका सासूला घेऊन जाणार होती. पुनम म्हणाली, मीही जाणार.

दीपकला अन्न गोड लागेना. भरल्या दुकानात, चार बायकांच्या देखत तिला कळणार होतं. गुरुवारी तो धरणगावला गेला नाही. थेट दुकानात गेला.

जाहिरातींचं काम शेठजींची सून चेलना बघायची. वरच्या मजल्यावर तिची छोटी खोली होती. दीपकने बसायच्या आधीच सांगितलं की शेवटचा भाग दाखवू नका. तुम्ही लोकांच्या फोनमध्ये डोकावता, मी तक्रार करीन.

चेलना चिडली नाही. तिने त्याला पाणी दिलं आणि समजावून सांगितलं. टीव्हीवर जाहिरात लागली की लोक मान खाली घालून फोन बघतात. म्हणून गोष्ट टीव्हीवर अर्धी सोडायची, म्हणजे ती शोधत लोक फोनवर येतात आणि शेवटी दुकानात. बाकी कोण कुठे जातं ते दुकानाला कुठून कळणार? गोष्ट माणूसच लिहितं.

"मग धरणगावचं स्टेशन तुम्हाला कसं कळलं?"

"गोष्टीत धरणगावचं नाव कुठेच नाही, भाऊ."

दीपक खुर्चीत बसला. मग तीन महिन्यांत कुणालाही न सांगितलेलं तो या परक्या बाईला सांगून गेला.

"तो माणूस मीच आहे. माझं काम गेलंय. रोज बायकोने डबा हातात दिला की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. तिला पडद्यावर कळायला नको. मी आज घरी जातो, तिच्यासमोर बसतो आणि माझ्या तोंडाने सांगतो. मग तुम्हाला काय दाखवायचं ते दाखवा."

चेलनाने आतल्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. शेवटचा भाग अजून तयारच नाही, असं ती म्हणाली. लिहिणाऱ्या बाई अडून बसल्या होत्या. त्या माणसाच्या पाठोपाठ त्या एकदा स्टेशनपर्यंत जाऊन आल्या होत्या, पण तो शेवटी काय बोलेल, ते त्यांनाच ठाऊक नव्हतं.

मग तिने उठून आतल्या खोलीचं दार ढकललं.

"पुनमताई, ऐकलंत ना? लिहा आता."