गरम कुंडातील शिकलेले जंतू

वाचकहो, एका मातेच्या श्रद्धेची परिणती कशी झाली, ते मी यथाशक्ती निवेदन करीत आहे.

जुनी प्रतिजैविके निकामी झाल्यावर रोगजंतूंना मारणाऱ्या विषाणूंची कुपी हेच एक औषध उरले होते. रोगी बरा झाला की कुपीतील उरलेले थेंब गावच्या गरम पाण्याच्या कुंडात अर्पण करण्याची प्रथा पडली होती. नातू वाचला तेव्हा गोदावरी शिगवणने तेच केले होते. आता तिचा मुलगा शांताराम याच्या पायाची जखम मात्र कुपी देऊनही काळी पडत होती.

"मावशी, कुंडातले जंतू त्या कढत पाण्यात युगानुयुगे विषाणूंशी झुंजतायत," डॉक्टर मुकादम म्हणाले. "शत्रूचा तुकडा ते अंगात जपतात, म्हणजे पुढच्या पिढीला तो ओळखता येतो. उरलेले थेंब ओतून औषधाचा विषाणू आपणच त्यांना दाखवला. शांताराम तिथेच पाय शेकायचा ना? त्याच्या जखमेतल्या जंतूंनी कुंडातल्या जंतूंकडून ती विद्या उचलली."

"मग दुसरी कुपी द्या की!"

"सगळ्या कुप्यांत तोच विषाणू आहे, मावशी."

गोदावरी धावत कुंडावर गेली. तिथे शेजारीण पार्वती बऱ्या झालेल्या लेकीची कुपी उघडत होती.

"ओतू नको गो, पाया पडते!"

"वा गो वा! तुझा नातू उठला तेव्हा ढोल लावून ओतलीस. माझ्या लेकीच्या वेळीच देव आटला काय?"

पार्वतीने कुपी उपडी केली. थेंब पाण्यात पडले, आणि घरी शांताराम नव्या कुपीची वाट पाहत राहिला.

कथा शेवटपर्यंत वाचल्याबद्दल आपला ऋणी,
सदाशिव भिकू जाबरे