खिळ्यावरची फीत

कारखान्याचे व्यवस्थापक टंकलेखन शिकवणाऱ्या मास्तरांच्या घरी आले आणि दारातूनच गरजले, “आमची कारकून तुमच्या टंकलेखन सरावाच्या संकेतस्थळावर माझ्याविरुद्ध तक्रार लिहीत होती. तो मजकूर काढून दाखवा!” संकेतस्थळ बांधणारी मास्तरांची लेक शांतपणे म्हणाली, “साहेब, अक्षरं तिच्याच ब्राउझरमध्ये उमटतात, तिथंच विरतात. आमच्यापर्यंत येतच नाहीत.” “थापा नकोत! सर्व्हर उघडा.” तिनं संगणक त्यांच्याकडे वळवला. आत निव्वळ धडे होते. “आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?” म्हणत मास्तरांनी खिळ्यावरची टंकयंत्राची फीत उतरवली. एकदाच वापरायची ती फीत त्यांनी तरुणपणी मित्राच्या वतीनं साहेबाविरुद्धची तक्रार टंकल्यावर कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती. तेव्हाच्या साहेबानं ती उचलून तिच्यावर उमटलेली अक्षरं लावून मित्राला घरी बसवलं होतं. लेकीनं पहिला धडा रचला त्याच दिवशी मास्तरांनी परत मिळवून जपलेली ती फीत तिच्यासमोर टांगली होती. “घ्या, ही वाचा,” मास्तर म्हणाले, “या घरात दुसऱ्याचं लिहिलेलं एवढंच शिल्लक आहे.”